चरनोईवर तणनाशक मारल्यावर खालच्या नाल्याचं पाणी किती दिवस बंद ठेवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरजवळच्या सिमरोलच्या पुढे चोरलकडे उतरताना एका गावात प्रश्न विचारणाऱ्या दादांची शेती आहे, गावाच्या दहा एकर चरनोईवर, म्हणजे गुरं चारायच्या सामाईक जमिनीवर, गाजर घास (काँग्रेस गवत) आणि रायमुनिया (घाणेरी) इतकी माजलीय की गुरांना तोंड घालायला जागा नाही, म्हणून पंचायतीने ठेकेदाराकडून फवारणी करून घ्यायचं ठरवलंय. चरनोईच्या खालून नाला जातो, नाल्यापासून साठ पावलांवर दादांची विहीर आणि तेच पाणी घरात पितात. नेटवर अमेरिकेतल्या कुरणांबद्दल वाचलं तर एक म्हणतो काही होत नाही, दुसरा म्हणतो कॅन्सर होतो. तर कोणतं औषध सेफ, आणि पाणी किती दिवस बंद ठेवायचं?

दादा, मी इंदूरलाच वाढले, पाण्याच्या लॅबमध्ये बरीच वर्षं काढली आणि नंतर माळव्यात पाणलोटाच्या कामावर फिरले, त्यामुळे हा प्रश्न मला दर पावसाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच. आणि दर वेळी मी आधी हेच सांगते की "किती दिवस" याचं उत्तर माझ्याकडे नाही, कुणाकडेच नाही. फवारल्यावर वीस दिवस कोरडे गेले तर नाल्यात काहीच जाणार नाही आणि एकविसाव्या दिवशी जोराचा पाऊस पडला तर जे काय शिल्लक असेल ते एका तासात जाईल. म्हणून दिवसांपेक्षा पहिला वाहता पाऊस कधी येतो हे महत्त्वाचं. आणि औषध कोणतं यापेक्षा पंप कुठे भरला आणि कुठे धुतला हे महत्त्वाचं, त्यावर पुढे येते.

आधी औषधांचं. आपल्याकडे चरनोईवर मारतात ती मुख्यतः दोन. एक टू-फोर-डी, जे रुंद पानाचं तण मारतं आणि गवत सोडतं, म्हणून चराईच्या जमिनीला लोकांना तेच बरं वाटतं. दुसरं ग्लायफोसेट, जे समोर येईल ते हिरवं सगळं मारतं. पाण्याच्या बाबतीत या दोघांचे स्वभाव उलटे आहेत. टू-फोर-डी मातीला फारसं चिकटत नाही, पाण्याबरोबर सुटतं आणि वाहतं, पण ओलसर उबदार मातीत जिवाणू त्याला लवकर खातात, साधारण दहा दिवसांत निम्मं होतं. ग्लायफोसेट मातीला घट्ट धरून बसतं, त्यामुळे स्वच्छ पाण्याबरोबर कमी जातं, पण माती वाहिली की मातीवर बसूनच नाल्यात पोचतं, आणि ते मोडल्यावर अँपा नावाचा जो पदार्थ उरतो तो त्याच्यापेक्षाही जास्त टिकतो. त्यामुळे "सेफ कोणतं" म्हणाल तर उतार कमी, गवत दाट आणि माती वाहत नसेल तर ग्लायफोसेटचा पाण्याला धोका कमी, आणि उघडा मुरमाड उतार असेल तर तसं काही म्हणता येत नाही. टू-फोर-डीतही अमाईन सॉल्ट आणि एस्टर असे प्रकार येतात, त्यातलं एस्टर उडतं जास्त आणि माशांना जास्त विषारी, म्हणून नाल्याजवळ ते घेऊच नका, दुकानदार स्वस्तात देत असला तरी.

आता थोडा हिशोब करू, कारण हिशोब न करता "थोडंसं जातं" म्हणण्यात अर्थ नाही. तुमची दहा एकर म्हणजे चार हेक्टर. हेक्टरी एक किलो मूळ औषध धरलं तर चार किलो जमिनीवर पडलं. साधारणपणे वाहून जाणारा भाग एक टक्क्याच्या आत असतो, पण फवारल्यावर लगेच धो-धो लागला तर दोन ते पाच टक्क्यांपर्यंतही जातो. एक टक्का धरा, चाळीस ग्रॅम. त्या पावसात जमिनीवरून १० मिलिमीटर पाणी वाहिलं तर चार हेक्टरवरून चार लाख लिटर झालं, म्हणजे लिटरमागे १०० मायक्रोग्रॅम. पिण्याच्या पाण्याचं आपलं भारतीय मानक, आयएस १०५००, टू-फोर-डीला लिटरमागे ३० मायक्रोग्रॅमची मर्यादा देतं. म्हणजे शेताच्या कडेला तिप्पट. आता हेच दोन-तीन आठवडे बिनपावसाचे मिळाले, जमीन ओलसर होती, आणि मग पाऊस आला तर वाहणारा भाग एका टक्क्याचा दहावा हिस्सा होऊ शकतो, मग तेच पाणी १० मायक्रोग्रॅमवर येतं, मर्यादेच्या आत. खाली नाल्यात वरच्या शिवाराचं पाणी मिसळलं की अजून कमी. गाव तेच, औषध तेच आणि फवारणारा माणूसही तोच, फरक फक्त पावसाच्या तारखेचा.

इथे एक गैरसमज मी फार ऐकते. दुकानदार सांगतो "सहा तास पाऊस नको, मग काही टेन्शन नाही". ते सहा तास तणासाठी आहेत हो, पानात औषध मुरायला. नाल्याशी त्या सहा तासांचा काही संबंध नाही.

आता पंपाचं. हे मी इतक्या वेळा बघितलंय की डोळे मिटून सांगू शकते. माणूस सकाळी येतो, पाठीवर १५ लिटरचा पंप, पाणी कुठून आणायचं तर समोर नाला आहेच. काठावरच्या दगडावर पंप टेकवतो, आधी झाकणाने मोजून औषध ओततो, मग डबड्याने नाल्याचं पाणी, भरता भरता फेस वर येतो आणि सांडतो, तो तिथेच पाण्यात. दिवसभर असे वीस पंप. संध्याकाळी तळाशी राहिलेलं तिथेच उपडं करतो, दोनदा खळखळून धुतो, रिकामी बाटली पण धुतो कारण बाटली घरी न्यायचीय, रॉकेल-डिझेलला कामाला येते. आणि हात-पाय धुऊन निघतो. चुकीचं काही केलं असं त्याला वाटतही नाही, उलट स्वच्छ काम केलं असंच वाटतं.

आता तळाशी राहिलेल्या एका पेल्याचा हिशोब बघा. ५८ टक्केवालं अमाईन सॉल्ट, पंपाला ७५ मिली, म्हणजे द्रावणात लिटरला अडीच ग्रॅमच्या आसपास. एक पेला, २०० मिली, म्हणजे अर्धा ग्रॅम. अर्धा ग्रॅम म्हणजे पाच लाख मायक्रोग्रॅम, भागिले ३०, साडेसोळा हजार लिटर. ट्रॅक्टरचे पाच हजारवाले तीन टँकर भरून वर काही पाणी उरेल, तेवढं सगळं मर्यादेला नेऊन ठेवायला एक पेला पुरतो. आणि हे पाऊस नसताना, नाला बारीक वाहत असताना होतं, जेव्हा मिसळायला पाणीच नसतं. वरून चार हेक्टरवर कितीही काळजीने मारलं तरी काठावर एक पंप धुतला की सगळं पाण्यात गेलं, शब्दशः. म्हणून मी पंचायतीला पहिली अट हीच घालायला सांगते की पाणी ड्रममध्ये वर नेऊन द्यायचं, औषध चरनोईच्या वरच्या टोकाला कालवायचं, आणि पंप धुतलेलं पाणी तिथेच तणावर पुन्हा फवारून संपवायचं. माणसाला नाल्याकडे जायचं कारणच ठेवायचं नाही. बाटल्या तीनदा खळखळून, तेही पाणी पंपातच, मग भोक पाडून ठेकेदाराच्या ताब्यात.

बाय द वे, नाल्याचं गढूळ पाणी वापरलं तर ग्लायफोसेट कामही नीट करत नाही, पाण्यातल्या मातीलाच चिकटून बसतं. बोअरचं जड पाणी असेल तरी तेच, त्यातलं कॅल्शियम त्याला धरून ठेवतं. मग माणूस म्हणतो औषध डुप्लिकेट निघालं, आणि पुढच्या पंपाला दुप्पट टाकतो. अपने यहाँ तो भिया ऐसेच चलता है.

तुमच्या विहिरीचं काय, तर ते जमिनीवर अवलंबून आहे आणि मी न बघता सांगू शकत नाही. सिमरोलच्या वर सपाटीला काळी माती आहे, उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात आणि पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांमधून सरळ खाली उतरतं, मातीतून गाळून वगैरे काही नाही. घाटाच्या कडेला माती वीतभर, खाली मुरूम आणि मग तडकलेला काळा पाषाण, तिथेही पाणी फटींतून पळतं. एक साधी गोष्ट बघा. नाला पहिल्यांदा जोरात वाहिला की तुमच्या विहिरीची पातळी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येते का? आणि पाणी थोडं गढुळतं का? येत असेल तर विहीर नाल्याचंच पाणी पितेय असं समजा. घरातल्या मोठ्यांना हे बहुतेक माहीत असतं, आजोबांना विचारा, पटवाऱ्याला नको.

माझी स्वतःची एक चूक सांगते कारण तीच चूक लोक अजून करतात. सुरुवातीच्या वर्षांत एका गावात असंच तण मारलं होतं, लोक घाबरले, मी दुसऱ्या दिवशी मोठ्या ऐटीत बाटल्या घेऊन गेले, खालच्या नाल्याचं पाणी घेतलं, लॅबमध्ये तपासलं, काही निघालं नाही. लिहून दिलं, वापरा म्हणून. नाला कोरड्या हवेत झऱ्याच्या पाण्यावर वाहत होता, वरच्या जमिनीवरून एक थेंब उतरला नव्हता, मग त्यात निघणार काय? आठवड्याने पाऊस झाला आणि खालच्या माणसाने त्याच नाल्यातून इंजिन लावून टोमॅटोला पाणी दिलं. पंधरवड्यात मला बोलावलं. टोमॅटोची नवी पानं पिळवटून चमच्यासारखी, देठ वाकडे, शेंडे खाली वळलेले, टू-फोर-डीची सहीच. वाऱ्याने उडून आलेलं असू शकतं असंही मी म्हणून बघितलं, पण फक्त पाणी दिलेल्या सऱ्याच तशा होत्या. त्या माणसाने मला शिवी दिली नाही, चहा दिला, ते जास्त लागलं.

तेव्हापासून नमुना घ्यायचा तर तीनदा. फवारणीच्या आधी एकदा, म्हणजे आधीच काय आहे ते कळतं. मग पहिल्या वाहत्या पावसात, पाणी चढत असताना, चरनोईच्या वर एक आणि खाली एक. आणि मग विहिरीचा, पातळी चढल्यावर. बाटली बर्फात, अंधारात, त्याच दिवशी लॅबला. आणि लॅबला औषधाचं नाव सांगा, हे फार महत्त्वाचं आहे, कारण नेहमीच्या "कीटकनाशक तपासणी"त ग्लायफोसेट सापडतच नाही, त्याला वेगळी पद्धत लागते, बाटलीही कसली हवी ते लॅबलाच विचारा. लोक पैसे भरतात, रिपोर्ट येतो "आढळले नाही", आणि तपासलेलंच नसतं.

आता जे कुणी विचारत नाही ते. औषधापेक्षा औषधाने जे मरतं त्याचा नाल्यावर परिणाम कधी कधी जास्त होतो. दहा एकर एकदम वाळलं की जमीन उघडी पडते, आणि आपल्या माळव्यात पाऊस सरींनी पडतो, रिमझिम नाही, मग माती उतरते, नाला चहासारखा होतो. मेलेल्या मुळांतून सुटलेलं नायट्रेटही उतरतं. आणि नाल्यातच उभं असलेलं बेशरमाचं झुडूप किंवा काठचं सगळं हिरवं मारलं तर ते पाण्यात कुजतं, कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं. लिटरला ४ मिलिग्रॅमच्या खाली गेला की माशांना त्रास सुरू होतो, अजून उतरला की ते वर येऊन तोंड उघडायला लागतात, आणि गाव म्हणतं विषाने मेले. विषानेही मरतात, ग्लायफोसेटच्या बाटलीत जो साबणासारखा पदार्थ मिसळलेला असतो तो मासे-बेडकांना मूळ औषधापेक्षा जास्त त्रास देतो. पण स्टॉपडॅममागच्या, म्हणजे नाल्यावरच्या छोट्या बंधाऱ्यामागच्या, साचलेल्या पाण्यात मी मोजलं तेव्हा बहुतेक वेळा ऑक्सिजनच संपलेला सापडला. काठची सावली गेली की पाणी तापतं आणि तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी राहतो, ते वेगळं.

अमेरिकेचं तुम्ही वाचलंत ते खोटं नाही, पण ते तिथलं आहे. तिकडची कुरणं हजारो एकरांची, बरीचशी कोरड्या भागात, फवारणी विमानानेही होते, आणि औषधंही वेगळी. पिक्लोरॅम, टेबुथियुरॉन ही नावं वाचली असतील, ती जमिनीत महिनोन्‌महिने, कधी वर्षाच्या वर टिकतात आणि पाण्याबरोबर खाली उतरतात, म्हणून तिथल्या नाल्यांवरचा अभ्यास मुख्यतः त्यांचा. आणि तिथे बऱ्याच नाल्यांतून वर्षातला बराच काळ पाणीच नसतं, त्या काठावर कुणाची प्यायची विहीर नसते. आपल्याकडे सगळा पाऊस चार महिन्यांत, जवळपास ९०० ते १००० मिलिमीटर, आणि नाल्यात म्हशी, काठावर कपडे, साठ पावलांवर विहीर. तिथला "धोका नगण्य" हा शेरा इथे आणून चिकटवता येत नाही, आणि तिथली भीतीही जशीच्या तशी आणायची गरज नाही.

कॅन्सरचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेटला "बहुधा कर्करोगकारक" गटात टाकलं, टू-फोर-डीला त्याच्या खालच्या "शक्यता आहे" गटात, आणि अमेरिकेचं पर्यावरण खातं ग्लायफोसेटबाबत हे मानत नाही. पिण्याच्या पाण्यात ग्लायफोसेट अमेरिकेत लिटरला ७०० मायक्रोग्रॅम चालतं, युरोपात कुठल्याही एका औषधाला ०.१, आणि आपल्या आयएस १०५०० च्या यादीत त्याचं नावच नाही. म्हणजे तेच पाणी एकीकडे पास, दुसरीकडे नापास, आणि आपल्याकडे पेपरच घेतला नाही. माझं मत विचाराल तर सर्वात जास्त धोका फवारणाऱ्या माणसाला आहे, जो उघड्या हाताने झाकण मोजतो. तुमच्या घरातल्या पाण्याचा धोका त्याच्या मानाने लहान, पण तो टाळणं फुकटात होतंय तर घ्यायचाच कशाला.

मग मी तुमच्या जागी काय केलं असतं? गाजर घासला मी औषध लावलंच नसतं. तिचं गणित असं उलटं आहे की औषध तिला नीट लागतं ते कोवळी असताना, जुलै-ऑगस्टमध्ये, आणि नेमकं तेव्हाच पाणी वाहतं. पण त्याच दिवसांत जमीन मऊ असते आणि ती मुळासकट सहज उपटून येते. फुलायच्या आधी उपटा, एकेक झाड हजारोंनी बी टाकतं, हातमोजे आणि तोंडाला कपडा नक्की, नाहीतर अंगाला खाज आणि दमा. जबलपूरच्या तण संशोधन निदेशालयाचा गाजर घास जागरूकता सप्ताह दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट असतो, त्या निमित्ताने शाळा-पंचायत हाताशी येते. मोकळ्या जागेत टाकळ्याचं, म्हणजे इकडच्या पुवाडियाचं बी टाका, तो तिला दाबतो. रायमुनियाला दिल्ली विद्यापीठाच्या सी. आर. बाबू यांनी सांगितलेली पद्धत चांगली, खोड वरून तोडायचं नाही, जमिनीखाली मूळ कुदळीने तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, म्हणजे पुन्हा फुटत नाही. मजुरी लागते, हो. पण सरकारी रोजगार योजनेतून करता येईल का हे पंचायत सचिवांना विचारून बघा.

तरी पंचायत फवारणीवरच अडली तर नाल्यापासून निदान तीस मीटर, उतार जास्त असेल तर पन्नास, हाताने काढायचं आणि तिथलं गवत उभं ठेवायचं, तेच गाळणी आहे. वरच्या भागात सरसकट नाही, झुडपापुरतं. शक्यतो सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर, जमिनीत ओल आहे, तण जिवंत आहे आणि वाहता पाऊस संपलाय. सकाळी, वारा नसताना. आणि एक कायद्याचं, ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढली की ग्लायफोसेट फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरनेच, म्हणजे कीड नियंत्रणाचा परवाना असलेल्यानेच, वापरायचं, त्यामुळे ठेकेदाराला तो परवाना दाखवायला सांगा, निम्मे ठेकेदार तिथेच गळतात.

गुरं दोन-तीन आठवडे चरनोईवर सोडू नका. यात पाण्याचा प्रश्न नाही, टू-फोर-डी मारल्यावर वाळणारं तण गुरांना गोड लागतं आणि एरवी तोंड न लावणारी गाय रायमुनियाही खाऊन बसते, मग यकृत जातं. त्या दिवसांतलं शेणही लगेच कंपोस्टमध्ये घालू नका. कंपोस्टची इंदूर पद्धत जिथे अल्बर्ट हॉवर्ड यांनी बसवली त्या शहराजवळ राहून आपण तणनाशकाचं शेण टोमॅटोला घालावं हे बरं दिसत नाही.

आणि पहिल्या पावसात विहीर चढली तर पाणी उकळून उपयोग नाही, तुरटीनेही जात नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. फवारणीच्या आदल्या दिवशी पिण्यापुरतं पाणी टाकीत भरून झाका, आणि पहिला पूर उतरून विहिरीचा रिपोर्ट हातात येईपर्यंत तेच वापरा किंवा चरनोईच्या वरच्या बाजूच्या हातपंपाचं आणा. गुरांनाही तोवर नाल्यावर नेऊ नका. बाटलीचं लेबल हातात आलं की त्याचा फोटो टाका, एस्टर आहे की अमाईन ते बघून सांगते.